बधिर बोटं

आमच्या ऑर्केस्ट्रात मी बोंगो वाजवायचो आणि तो गिटार. कामठीहून बसनं यायचा. तारा लावताना डोळे मिटायचा आणि मी उगाच ठेका धरला की म्हणायचा, "वाजवाचं मंग पाहू. आदी आयकाले शिक ना गा!" गाणारा मध्येच चुकला, तर हा असा काही सूर घालायचा की ऐकणाऱ्यांना चूक कळतच नसे.

एकदा तालमीला आम्ही दोघंच लवकर पोचलो होतो. तो वाजवत होता आणि मला गिटारच्या दांडीवर रक्त दिसलं. करंगळी तारेनं कापली होती, पण त्याला पत्ता नव्हता. मी ओरडल्यावर त्यानं बोटाकडं पाहिलं. उठून दाराला कडी घातली, काडी पेटवली आणि करंगळीला लावली. हात हललाच नाही.

"दोन महिने झाले," तो म्हणाला. "कोनाले सांगू नको. मले लय भेव लागून राहिलं गा."

महारोग हा शब्द आम्हा दोघांच्याही तोंडून निघाला नाही. मी त्याच्या बोटाला चिंधी बांधली, बाहेर नळावर गेलो आणि साबणानं तीनदा हात धुतले. वळलो तर तो दारात उभा होता.

पुढं त्यानं औषधं घेतली. रोग थांबला, पण दोन बोटं वाकडीच राहिली. मग तो गिटार मांडीवर आडवी घेऊन, उरलेल्या बोटांत लोखंडी कांडी धरून वाजवू लागला. इतका नितळ सूर मी त्याच्याकडूनही पूर्वी ऐकला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर तो सगळ्यांशी हात मिळवायचा. मला मात्र लांबूनच मान हलवायचा.