बोल्टावरची रेघ

आमची जुनी चारचाकी मूळची माझ्या सासऱ्यांची. दिघोरीला त्यांची धान भरडायची गिरणी होती. डोळे गेल्यावर त्यांनी दोन्ही मुलगे बाजूला ठेवून गाडी मुलीला दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "जो सोताच्या हातानं दुरुस्त करन, गाडी त्याची." लहानपणी गिरणीच्या इंजिनापाशी बसून त्यांच्या हातात पाने-पकडी देणारी ती एकटीच होती. ती म्हणजे माझी पत्नी. तिला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं आहे.

ती असतानाच्या एका मे महिन्यात गाडीचा वॉटर पंप गळू लागला. बुद्धपौर्णिमेला गाडी घेऊन येते, असा निरोप तिने बाबांना दिला होता आणि मध्ये दोनच दिवस उरले होते. तिच्या थोरल्या भावाचा फोन आला, "मिस्त्री पाठवू का बाई? का गाडीच घेऊन जाऊ आमी?" तिने फोन ठेवला आणि ओढणी कमरेला बांधली.

नवा पंप आणलेला होता. जुन्याचे तीन बोल्ट निघाले, चौथा हलेना. फार जोर केला तर तो आतच तुटेल आणि मग इंजिन उतरवावं लागेल, हे तिने मला समजावलं. तिने बोल्टाचं डोकं पुसलं आणि खिळ्याने त्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओरखडली. बोल्ट केसभर सरकला तरी ती रेघ तुटलेली दिसते. गिरणीतली पद्धत. मग बुडाशी थेंब थेंब रॉकेल सोडून तिने ते रात्रभर मुरू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती पंचायत समितीत कामावर गेली. मला शाळेची सुट्टी होती. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी दोनदा वाचलं. बोल्ट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवावा, असं त्यात स्पष्ट होतं. पान्याला लोखंडी पाइप जोडून मी वाकलो आणि तसाच फिरवला. कट्ट आवाज झाला. पुढे मात्र तो ढिम्म. मी सगळं जागच्या जागी ठेवलं, हात धुतले आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो.

संध्याकाळी तिने खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही. टॉर्च घेऊन थेट इंजिनात डोकावली.

"तुमी हात लावला याले?"

"काहून? काय झालं?"

"काहून म्हणते! रेघ पाहा. सरकला हा."

मी खूश झालो. "सरकला ना?"

"उलटा सरकला. आवळून ठेवला तुमी, गुरुजी! बोल्टाचं डोकं तिकडं, तुमी वाकले इकडून, मागून. पोरायले घड्याळ तुमीच शिकवता ना?"

मी पुस्तक पुढे केलं. तिने ते घेऊन पायरीवर पालथं ठेवलं. मग पुन्हा वाकली आणि बोटाने रेघ चाचपली.

"थांबा," ती म्हणाली. "कसाही का होईना, सरकला तर हाय. गंजाची पकड सुटली. पाना द्या."

थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा रॉकेल. कोणत्या बाजूला फिरवायचं ते मला कळावं म्हणून तिने माझा हात आपल्या हाताखाली धरला होता. दिवेलागणीला बोल्ट सुटून आला. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली.

पौर्णिमेला दिघोरीत बुद्धवंदना झाल्यावर बाबा काठी टेकत अंगणात आले. "सुरू कर." इंजिन सुरू झालं. बॉनेटवर पंजा ठेवून, मान कलती करून ते ऐकत राहिले. ती निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तशी उभी होती. दोन्ही भाऊ ओट्यावर बसले होते.

"पंप बराबर बसला," बाबा म्हणाले. "कोणं बसवला?"

"मी. अन् बोल्ट दोघायनं काढला."

"जवाईबापूनं?" बाबा खोकला येईपर्यंत हसले. मग चाचपडत त्यांनी दाराची मूठ शोधली आणि पुढच्या सीटवर बसले. डोळे गेल्यापासून ते या गाडीत बसले नव्हते. "चाल बेटा, तलावापर्यंत."

मी मागे बसलो. ती गाडी चालवता चालवता सांगत होती, "बाबा, उजवीकडं उन्हाळी धान कापून राहिले."

"मालूम हाय. वास येते."

तलाव आला. पाण्यावरचा गार वारा खिडकीतून आत आला, तसा बाबांनी चेहरा तिकडे वळवला. तिने गाडी थांबवली नाही, आणि तेही थांब म्हणाले नाहीत.