बघून गेलेले पावणे

खेड्यातल्या मुलामुलींचं शिक्षण नेमकं कुठं तुटतं आणि तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभं राहतं, हे शोधणाऱ्या एका अभ्यासात मी काही वर्षं काम केलं. कोल्हापुरात राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर आमचं ऑफिस होतं. खाली मुलं सूत्रं घोकायची, वर आम्ही प्रश्नावल्या घासूनपुसून लख्ख करायचो. नीट प्रश्न विचारले की माणूस कळतो, असा आमचा ठाम समज होता. आता त्या समजाचा मला राग येतो.

उन्हाळ्यात आम्ही शिरोळकडच्या एका गावात गेलो. तिथली नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी अभ्यासासाठी निवडली होती. बरोबर आमचे सर, पांढऱ्या केसांचे, कडक इस्त्रीतले, आणि भाड्याची मोठी गाडी. सर्वेसाठी येतोय म्हणून आदल्या दिवशी फोन केला होता. दारात सडा-रांगोळी, सरांना खुर्ची, मला शेजारी. मुलगी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन आली. किती अगत्याची माणसं, असं मी मनात म्हटलं. अक्कल गहाण टाकली की असंच सुचतं.

मग आमचे प्रश्न सुरू झाले. वय किती, शिक्षण किती, घरातली कामं कोणती करतेस, पुढं काय करायचंय. आरोग्याचाही एक भाग होता, म्हणून मी टेप काढून तिची उंची मोजली, तिला वजनकाट्यावर उभं केलं. शेजारच्या बायका खिडकीतून बघत होत्या. मुलगी मात्र न लाजता, न अडखळता उत्तरं देत होती. कोल्हापुरात हॉस्टेलला राहून बीएस्सी करायचं, मग एखाद्या लॅबमध्ये नोकरी. वडील म्हणाले, "शिकू दे की. आमची कुठं ना हाय?" मला फार बरं वाटलं. निघताना तिच्या आईनं मला हळदकुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "काय आसंल त्यो निरोप धाडा." अभ्यासाचे निष्कर्ष मागतेय, केवढी जागरूक बाई, असं सर गाडीत म्हणाले. मीही मान डोलावली.

वर्षानं पुन्हा जाऊन शिक्षण चालू आहे का बघायचं, असा आमचा नियम होता. या वेळी मी एकटीच एसटीनं गेले. आईनं मला ओळखलं, पण 'या' म्हणाली नाही.

"आता कशाला आलासा? लगीन झालं तिचं."

"आणि कॉलेज?"

"कसलं कॉलेज घिऊन बसलाय! कोल्हापूरचं पावणं गाडी घिऊन आलं, पोरीला बघून, मोजून गेलं, आन् पुन्हा फिरकलं न्हाईत. गावात झालं, पोरीत कायतरी खोट हाय. तिच्या बाचं धाबं दणाणलं. आजऱ्याकडचं स्थळ आलं, दिऊन टाकली."

"अहो, आम्ही सर्वेला आलो होतो. तसं सांगितलं होतं की तुम्हाला."

"समदी असंच कायतरी सांगत्यात की."

खरं होतं. आमच्याकडं मुलगी बघायची पहिली खेप उघडपणे होत नाही. उसाचं बेणं बघायला आलो होतो, वाटेवर घर लागलं म्हणून डोकावलो, असं काहीतरी निमित्त सांगतात. नकार द्यायचा झाला तर मुलीला बोल लागू नये म्हणून ही सोय. त्या घरानं आमचा सर्वे तसलंच निमित्त समजून ऐकला होता. शिकलेल्या माणसांचं निमित्तही शिकलेलं असणार, एवढंच.

"पोरगी बी म्हणत हुती," आई पदराशी चाळा करत म्हणाली. "आई, त्यो सर्वेच हाय, म्हणून लई रडली. पर अशा गोष्टीत पोरीचं कोण ऐकतंय?"

जिनं आमचा प्रत्येक शब्द बरोबर समजून घेतला, तीच एकटी त्या घरात खोटी ठरली होती. पाठीशी कोण उभं राहतं हे शोधायला आम्ही गेलो, आणि आमच्या पायगुणानं होतं तेही गेलं. या कामातून काही चांगलं होईल ही आशा माझ्यापुरती त्या उंबऱ्यावर संपली. ती अजून परत आलेली नाही.

आईनं तिला फोन लावून दिला. मी घाईघाईनं सांगायला लागले, की घरी राहूनही पदवी करता येते, मी चौकशी करते, सासरच्यांशी बोलते.

"ते ऱ्हाऊ दे मॅडम," ती म्हणाली. आवाज तसाच स्वच्छ होता. "माझं एक काम करा. हितं मला समदी नापसंत पडलेली पोरगी म्हणत्यात. सासूबाई जवळच हाईत. तुम्ही बघायला आला न्हवतासा, एवढं त्यास्नी सांगा."

तिनं फोन दिला. मी अभ्यास म्हणजे काय ते सांगितलं, प्रश्न सांगितले, टेप आणि वजनकाटा कशासाठी ते सांगितलं. अशी किती घरं केली तेही सांगितलं. पलीकडून बाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पर मग एवढं बघून पसंत का न्हाय पडली?"