नकाशातल्या विहिरी

भूगोल पोरांच्या दारापर्यंत गेला पाहिजे, असं पाथर्डीकडच्या सहादेव गुरुजींचं ठाम मत होतं. म्हणून बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पोरांकडून शाळेपुढं जमिनीवर चुन्यानं अख्ख्या गावाचा नकाशा काढून घेतला. गावात खरी विहीर एकच, तीही कोरडी.

“गुरुजी, आमच्या दारात बी एक काढा की,” नकाशा बघायला आलेली साळूबाई म्हणाली. “नकाशात कुठं खडक लागतोय?”

गुरुजींनी काढली. मग रुसवेफुगवे नकोत म्हणून घरोघरी काढली.

दुसऱ्या दिवशी टँकरसाठी पाहणी करायला तालुक्याचे साहेब आले. नकाशा बघून म्हणाले, “एवढ्या विहिरी असताना टँकर कशाला?”

“साहेब, त्या खोट्या आहेत.”

“म्हणजे पोरांना खोटं शिकवता?”

साहेब टँकर नामंजूर करून गेले.

दुपारी बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि आपापल्या विहिरीच्या काठावर बसल्या.

“काढल्या तुमी,” साळूबाई म्हणाली, “आता पानी बी तुमीच शेंदा.”

गुरुजी दोर शोधू लागले.