दिव्याच्या टोपीतलं पान

स्पेनमधल्या रोब्लेदाल गावात संताच्या सणाला म्हणायचं गाणं अर्ध्या शब्दावर तुटायचं. मठ मोडला तेव्हा त्याची कातड्याच्या पानांची जुनी गानपोथी पानापानाने विकली गेली. गावाच्या वाट्याला एकच पान राहिलं. पान संपलं की गाणारे गप्प होत आणि वर मनोऱ्यात घंटा वाजे. इतक्या पिढ्या हे चाललं, की लोक त्या गप्प होण्यालाच पवित्र मानू लागले.

कासिल्दाला मात्र तो तुटका शब्द घशात काट्यासारखा सले. ती गावची पाववाली आणि गाण्यातला पहिला सूर तिचा. पुढचं पान शोधता शोधता तिच्या भिंतीवर भलत्याच पोथ्यांची पानं जमली होती.

सणाआधी ती बुर्गोसला सातुरियोच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरली.

"या मावशी. यंदा राणीसारखं पान ठेवलंय." त्याने सोनेरी अक्षराचं चामडी पान पुढे केलं.

कासिल्दाने घडीवरून बोट फिरवलं. "इथली शाई झिजून गेलीय, आणि सोनं बघ, कालच्या नवरीसारखं. हे अक्षर हल्ली कुणीतरी चिकटवलंय, बाबा."

"मलाही तोच संशय होता."

"मग मला कशाला दाखवतोस?"

"तुमचे डोळे शाबूत आहेत का ते बघत होतो."

हसत त्याने टेबलावरचा दिवा जवळ ओढला. सोनेरी अक्षरावर उजेडाचे ठिपके पडले, सप्तर्षी वाकडे मांडावेत तसे. कासिल्दाचा हात थबकला. दर सणाला गावचं पान उन्हात धरलं की हेच ठिपके तिच्या मनगटावर पडत.

तिने वर पाहिलं. दिव्याची टोपी जुन्या कातड्याची होती, किडीने भोकं पाडलेली.

"सातुरियो, ती टोपी काढ."

"अहो, दिवा चालू आहे. हात भाजेल."

"माझा जीव वरखाली होतोय नि तुला हाताची पडलीय."

टोपी उलगडली. कासिल्दाने पिशवीतून गावच्या पानाचा पातळ कागदावर भोकांसकट उतरवलेली नक्कल काढून वर ठेवली. भोकावर भोक बसलं. कीड एका पानावर थांबत नाही, शेजारच्या पानातही शिरते. पण हे शेजारचं पान आधीचं की नंतरचं? कातड्याची केसांकडची बाजू पिवळट, आतली पांढरी, आणि पोथीत पांढरीसमोर पांढरीच येते. गावच्या पानाची शेवटची बाजू पांढरी होती, म्हणजे पुढचं पान पांढऱ्या बाजूनेच सुरू होणार. तिने हे पान पांढऱ्या बाजूवर उलटलं. पहिल्याच ओळीत तुटक्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग होता. ती तिथेच गुणगुणू लागली.

"काय घेशील?" तिने विचारलं.

"माझा दिवा बोडका झाला, मावशी."

"माझ्या नवऱ्याची टोपी घाल त्याला. आणि सणाला ये, कोकरू भाजते."

सणापर्यंत तिने गाणाऱ्यांकडून नव्या ओळी घोटून घेतल्या. तरी ऐन वेळी, त्या अर्ध्या शब्दाशी, सगळे सवयीने गप्प झाले. वर मनोऱ्यात घंटेवाल्या ओनोफ्रेने दोर ओढला. त्याला सांगायचंच राहून गेलं होतं.

त्या घणघणाटात कासिल्दाने उरलेला अर्धा शब्द एकटीने उचलला. शेजारची बाई तिच्याकडे बघत राहिली, मग तिनेही सूर धरला. मागून एकेक आवाज उठत गेला.

घंटा मध्येच थांबली. ओनोफ्रेने जिन्यातून डोकं काढलं. "कासिल्दा, चुकलीस का गं?"

तिला गाणं सोडवेना. तिने नुसता हात हलवून त्याला खाली बोलावलं. अजून बरंच गाणं उरलं होतं.