मराठी पानावरचा उमाचा नंबर

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये बायको गेल्यावरही तिचा फोन रोज चार्जिंगला लावणारा माणूस एकच, गुरुदत्त भावजी. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत. बिल्डरनं ती अशी पातळ बांधलीय की मला कान लावायचे कष्टही पडत नाहीत.

भावजी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका पापडवाल्यांची वेबसाइट सांभाळतात. सिंधी, हिंदी आणि मराठी. पापडांचे फोटो, वजनं, पत्ता एकाच जागी भरलेलं. तिथे बदललं की तिन्ही भाषांत बदलतं. भाजायचं कसं, खायचं कशाशी, ते मात्र ज्याच्या त्याच्या पानावर वेगळं. मराठी पान उमाचं, त्यांच्या बायकोचं. सिंधी पान सांगायचं, पाहुण्याला आधी पापड-पाणी द्या. उमानं लिहिलेलं, खिचडी बिघडली असेल तर पापड दोन वाढा. शेवटी, ‘काही अडलं तर मला विचारा,’ आणि खाली स्वतःचा नंबर.

उमाला जाऊन चौदा महिने झाले. फोन येतच राहिले.

"उमाताई आहेत का? खिचिया पापड भाजताना कडा कच्च्या राहतात हो."

"आत आहे. थांबा, विचारतो," भावजी म्हणायचे. मग तिची वही चाळायचे आणि उत्तर सांगायचे.

मी चिडवायचे, "काय भावजी, बायकोच्या फोनवर गावभरच्या बायका?"

"तिच्याच मैत्रिणी आहेत, वहिनी."

पण माझी जीभ. गेल्या महिन्यात पापड आणायला कॅम्प चारला गेले आणि मालकांच्या सुनेला, रिद्धीला, हा सगळा किस्सा आवाज काढून करून दाखवला. मला हशा हवा होता. ती हसली नाही.

"अरे, अंकल को रोज कितना दुखता होगा," म्हणाली आणि माझ्यासमोरच भावजींना फोन करून उमाचा नंबर काढायला सांगितलं. आता नंबरही पत्त्यासारखा एकाच जागी. दुकानाचा. तिन्ही भाषांत तोच. चांगल्या मनानंच केलं पोरीनं.

बदल करायचा होता भावजींनाच. "दोन मिनिटांचं काम होतं, वहिनी," एवढंच बोलले. मी काय करून आलेय हे त्यांना माहीत होतं की नाही, विचारायची माझी छाती झाली नाही.

मग भिंतीपलीकडे सामसूम. एक आठवडा, दोन आठवडे. फोन चार्जिंगला असायचा, वाजायचा नाही.

काल दुपारी मीच उमाचा नंबर लावला, मुलीच्या मोबाइलवरून. नाक दाबलं.

"उमाताई हायत का? मी चामटोलीवरनं बोलतेय. खिचियाच्या कडा कच्च्या ऱ्हातात."

मग, "आत आहे. थांबा, विचारतो."

भिंतीतून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. हे उत्तर त्यांना पाठ होतं, तरी त्यांनी पानं उलटली.

"उमा म्हणतेय, आधी कडा भाजायच्या, मधलं नंतर." थोडं थांबले. "आणि अंजनीवहिनी, उद्या फोन केलात तर गॅलरीत जाऊन बोला. तुमचा आवाज दोन्हीकडून येतो."