मोहफुलाचं कासव

नातीच्या शाळेत उद्या गोष्टींचा दिवस आहे, म्हणून गोष्टीतल्या कासवाचे लाडू करायला सून मोहफुलं भाजते आहे. तो गोड, किंचित धुरकट वास घरभर पसरला आणि मी भामरागडकडच्या माझ्या नोकरीच्या पहिल्या शाळेत जाऊन पोचले.

तिथंही असाच एक दिवस होता. वाचलेल्या गोष्टीतलं कासव पोरांना खायला द्यायचं मी ठरवलं होतं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाईंनी भाजलेली मोहफुलं तीळ-गुळात कुटली. आम्ही लाडू चपटे दाबले, त्यांना शेंगदाण्याचे पाय आणि फुटाण्याचं डोकं लावलं.

"बाई, हे तं आता चालतेच पाहा!" सुमनबाई हसल्या.

पोरं तुटून पडली. रुपी मात्र कासव ओंजळीत घेऊन नुसती बसली होती.

"काऊन नाई खात?" मी विचारलं.

"आमच्या कुळाचा देव आहे बाई. आमी कासव नाई खात."

"अगं, हा तर लाडू आहे."

"मले माईत आहे," ती म्हणाली आणि उठून शाळेमागच्या नदीकडे निघाली.

आम्ही सगळे तिच्या मागोमाग गेलो. तिनं ओल्या वाळूवर कासव ठेवलं, त्याचं तोंड पाण्याकडे केलं आणि हळूच म्हणाली, "जाय."

मी वळून पाहिलं, तर डोकं खाल्लेली कासवं पोरांनी पाठीमागे लपवली होती. माझ्याही तोंडातला शेंगदाण्याचा पाय मला चाववेना.

आता लाडू झालेत. "आजी, कासव घे ना," नात ताट पुढे करते. मी अजून न दाबलेला, गोल लाडू उचलते.