उपड्या पेल्यावरचा तांब्या

२१ फेब्रुवारी २०२४, बुधवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. माकणीकडून आलेली एसटी फाट्यावर थांबली, बाबांनी माझी मोठी बॅग दारापर्यंत नेली, आणि नेमक्या त्याच क्षणी आईने तिची चेन उघडली. विमानाच्या नियमात बसेल असे वजन करून मी ती आदल्या दिवशीच बंद केली होती. आईने स्वेटरांच्या घड्यांमध्ये हात घातला आणि पदराआडून काढलेल्या तीन वस्तू आत सारल्या: पितळेचा तांब्या, स्टीलचा पेला आणि एक लहान ताट.

कंडक्टरला ते दिसले. "ओ मावशी, पोरगी फारीनला चाललीय म्हणताव आन तांब्या देताव व्हय? तिथं कागद अस्तो म्हणं."

गाडीतली माणसे हसली. आई हसली नाही. "तुमचं काम बेल मारायचं, ते करा," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दगडाच्या घरात निजू नगं. निजायची येळ आलीच, तर ह्ये लावल्याबिगर डोळा लावू नगं. कळलं का?"

"कळलं," मी म्हणाले. बाबांना आणि तिला 'जय भीम' केला आणि चढले. भूभौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेली, इटलीतल्या विद्यापीठात एका सत्रासाठी निवड झालेली मी. तांब्याने भूकंप मोजता येत नाही, हे तिला सांगणे माझे कर्तव्य होते. मी वाद घातला नाही, कारण मलाही तो तांब्या हवा होता.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला हा प्रकार समजावून द्यावा लागेल. निजण्यापूर्वी उशाशी ताट ठेवायचे, त्यात पेला उपडा घालायचा आणि पेल्याच्या बुडावर तांब्या तोल साधून उभा करायचा. जमीन हलली की तांब्या ताटात पडतो, आणि त्या आवाजाने जागे होऊन माणसे बाहेर पळतात. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आई हे रोज करत आली आहे. त्या पहाटे ती नऊ वर्षांची होती. जुन्या गावातल्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद एकदम खाली आले. आईला दुपारी बाहेर काढले. तिच्या आईला संध्याकाळी. पण तोवर काढण्याला अर्थ उरला नव्हता.

पुढे गाव उठून नव्या जागेवर गेले. माझा जन्म या पुनर्वसनाच्या गावातला. सरळ रस्ते, एकसारखी सिमेंटची घरे. त्या घरांत आम्ही ज्वारीची पोती ठेवायचो, अभ्यास करायचो, पाहुण्यांना बसवायचो. निजायला मात्र पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचो. सगळे जग असेच निजते असे मला वाटत असे. वसतिगृहात पहिल्यांदा स्लॅबखाली निजले, तेव्हा तो स्लॅब मला पोटावर ठेवल्यासारखा जाणवत राहिला.

आमच्याकडे आजही अधूनमधून जमिनीच्या पोटातून गडगड असा आवाज येतो. माणसे रस्त्यावर येतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला एकच विचारतो: "किती?" शेजारच्या काकूंना विचारतात, पोलीसपाटलांना विचारतात, फोन लावून माकणीच्या पाहुण्यांना विचारतात. कुणालाच ठाऊक नसते. लहानपणी मला वाटे, एकदा रिश्टरचा आकडा कळला की ही माणसे आत जातील आणि निवांत निजतील. तो आकडा सांगणारी व्यक्ती आपण व्हायचे, एवढ्या एका हट्टावर मी बारावी, बी.एस्सी. आणि त्यापुढचे सगळे केले. मोबाईलवर नोंदी पाहून मी गावाला आकडे सांगू लागले, तेव्हा माणसे नि:श्वास टाकून म्हणायची, "बारका हाय म्हणं." आणि पुन्हा शेडमध्येच निजायला जायची.

इटलीत मला मिळालेली खोली चौथ्या मजल्यावर होती. इमारत दगडी, जिना दगडी, समोरचे चर्च दगडी, त्याच्या पलीकडचे डोंगरावरचे शहरही दगडाचेच. सोबतच्या विद्यार्थ्यांना हे सौंदर्य वाटे. मला प्रत्येक कमानीत तिची फट कुठून सुरू होईल ते दिसे. ज्ञानाने भीती कमी होते असे आम्हाला शाळेत शिकवले होते. माझ्या बाबतीत ज्ञानाने तिला नकाशा पुरवला. वर्गात मी पहिल्या बाकावर बसे, प्रश्न विचारी, गुण मिळवी. मात्र रोममधील मोठ्या चर्चच्या घुमटाखाली सगळे मान वर करून उभे असताना मी दाराशी थांबून 'मला फोन आहे' असे सांगितले. संग्रहालये, तळघरे, जुनी ग्रंथालये, सगळीकडे मला फोन येत असे. संध्याकाळी खोलीत भात शिजवायचा, त्यावर आईने दिलेली जवसाची चटणी घालायची, आणि पलंगाशेजारी ताट, पेला, तांब्या मांडायचा, असा माझा परदेशातला दिनक्रम होता.

एप्रिलमध्ये आमच्या प्राध्यापिकांनी मला बोलावले. डोंगरातल्या एका गावात मारियामातेची जुनी जत्रा भरते. काही वर्षांपूर्वी भूकंपात ते गाव पडले होते. चर्च पोलादी पट्ट्या बांधून पुन्हा उभे केले होते. जत्रेच्या गर्दीने इमारत किती कंप पावते ते मोजण्यासाठी चर्चच्या तळघरात यंत्र बसवायचे ठरले होते. मिरवणूक चालू असताना कुणीतरी खाली बसून ते सांभाळायला हवे होते. "हे तू केलेस तर पुढच्या संशोधनासाठी तुझी शिफारस करणे मला सोपे जाईल," त्या म्हणाल्या. मी तत्काळ होकार दिला. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले, तेव्हा 'तळघर' हा शब्द पुन्हा ऐकू आला.

माझी वर्गमैत्रीण मार्ता पोलंडची, श्रद्धाळू कॅथलिक. तिला ती यात्रा पायी करायची होती. "तू वर यंत्राकडे जाणारच आहेस, तर माझ्याबरोबर चालत चल," ती म्हणाली. वाटेत तिने विचारले, "तुमची माणसे कुठे चालत जातात?" मी नागपूरचे सांगितले, दीक्षाभूमी, पांढऱ्या साड्या, घरून बांधून नेलेल्या भाकरी. तिला भाकरीचे कौतुक वाटले. तिच्या पिशवीतही घरचे सॉसेज होते.

वाटेतल्या मुक्कामाला आम्ही दुपारी पोहोचलो. ख्रिस्ती संन्यासिनींनी चालवलेली ती धर्मशाळा होती: जाड भिंती, कमानीचे छत, ओळीने पलंग. थकलेले यात्रेकरू आडवे झाले होते. मलाही ग्लानी येत होती. मी पलंगाखाली ताट मांडले, पेला उपडा घातला, तांब्या ठेवला आणि डोळे मिटले.

आवाज झाला. मी आधी उठले की आधी ओरडले, ते आजही सांगता येणार नाही. "भूकंप! भायेर पळा! भायेर!" असे मी ओरडले, आमच्या शेडमधल्या भाषेत. मराठीचा एक शब्द न कळणारी ती माणसे सगळी समजली. पलंग सरकले, कुणाचा तरी चष्मा पायाखाली फुटला, अनवाणी माणसे अंगणात धावली. अंगणात कारंजे शांत वाहत होते. कोंबड्या दाणे टिपत होत्या. आमच्या मागून मार्ता आली, हातात मोबाईलचा चार्जर. "माझा पाय लागला," ती म्हणाली. "तुझ्या त्या भांड्याला."

मग एक वृद्ध बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाव जुलियाना. तिचे घर वरच्या पडलेल्या गावातले. तिचा नवरा त्याच भूकंपात गेला होता. सरकारने तिला खाली, समुद्राकाठच्या एका शहरात सदनिका दिली होती. वर्षातून एकदा ती या यात्रेने आपल्या गावी जाई. ती संतापाने भरभर बोलत होती; माझे इटालियन मोडकेतोडके, म्हणून मार्ता तिचे बोलणे मला इंग्रजीत सांगत होती. "तिला विचार, हा शब्द उगाच ओरडायचा असतो का? तिच्या देशात याची चेष्टा करतात का?"

मी आत जाऊन तिन्ही वस्तू आणल्या आणि कारंज्याच्या कठड्यावर मांडून दाखवल्या. आईचे सांगितले. जुन्या गावाचे सांगितले. जुलियानाने वाकून तांब्याला बोटाने टिचकी मारली. तो ताटात पडला आणि कोंबड्या उडाल्या. तिच्या चेहऱ्यावर हसू आले, आणि मग ती बरीच हसली.

"पितळेचा भूकंप," ती म्हणाली. "आणि शिकतेस काय?"

"भूकंपशास्त्र," मार्ताने सांगून टाकले. "उद्या ती तुमच्या चर्चच्या तळघरात बसणार आहे."

जुलियाना गंभीर झाली. "मी दरवर्षी येते आणि पायरीवर बसते. आत जात नाही. मारियामाता बाहेर येते तेव्हा तिला भेटते." तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "तूही जाणार नाहीस, मुली. तू निजतानाही भांडे मांडतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर पोहोचलो. अर्धे गाव अजून कुंपणाआड पडले होते. एका उघड्या भिंतीवर स्वयंपाकघराच्या निळ्या फरशा दिसत होत्या. चर्चसमोरच्या पायऱ्यांवर माणसांची दाटी झाली होती. तळघराचा दरवाजा बाजूला, त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी होता. मार्ता मिरवणुकीत गेली. मी लॅपटॉपची पिशवी घेऊन दाराशी आले आणि थांबले. आतून ओल्या दगडाचा वास येत होता. प्राध्यापिकांना काय सांगायचे, याची वाक्ये माझ्या मनात तयार होऊ लागली: ताप आहे, पाय मुरगळला, फोन आहे.

जुलियाना पायऱ्या उतरून आली आणि तिने हात पुढे केला. "ते दे."

तिने दाराजवळच्या दगडी ओट्यावर ताट ठेवले, पेला उपडा घातला, तांब्या उभा केला, तोल दोनदा तपासला आणि शेजारी बसली. "मी इथे आहे. पडला तर हाक मारीन."

शास्त्रीयदृष्ट्या ती व्यवस्था निरुपयोगी होती. तांब्या पडून, हाक येऊन, मी धावेपर्यंत छत थांबणार नव्हते. पण माझ्या सबंध आयुष्यात उशाशी तांब्या मांडून कुणीतरी जागे असे, म्हणून मी निजले होते. मी खाली गेले.

तळघर लहान होते. कोपऱ्यात बसवलेल्या यंत्राला लॅपटॉपची केबल लावायला तीन प्रयत्न लागले. वर मिरवणूक सुरू झाली. शेकडो पावले दगडावर पडत होती आणि पडद्यावरची रेघ गवतासारखी दाट झाली. भजनाचा सूर भिंतीतून येत होता. मी रेघेकडे पाहत राहिले. छताकडे पाहण्याची हिंमत नव्हती.

आणि त्या गवतातून एक टोक वर उठले. थोड्या अवकाशाने दुसरे, अधिक उंच. पावलांची रेघ अशी नसते. मला ती ओळख पटायला क्षणही लागला नाही. तळव्याखाली ट्रक गेल्यासारखा हलका धक्का जाणवला. कमानीतून थोडी माती माझ्या बाहीवर पडली.

तोंड उघडले होते. 'भायेर' हा शब्द ओठांवर होता. मग वरच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या: अरुंद, खचाखच भरलेल्या, खांद्यावर जड मूर्ती घेतलेली माणसे, म्हातारी माणसे, काखेतली लेकरे. मी ओरडले तर जमीन जे करणार नव्हती ते माझा शब्द करणार होता. काल अंगणात फुटलेला तो चष्मा मला आठवला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले आणि पडद्यावरची रेघ पुन्हा गवत होईपर्यंत बसून राहिले. दुसरा धक्का आला नाही. मिरवणूक पूर्ण होईपर्यंत मी खालीच होते. शौर्य मुळीच नव्हते ते. माझे पाय उचलतच नव्हते.

वर आले तेव्हा जुलियाना तशीच बसली होती. तांब्या उभा होता. तिने माझी बाही झटकली, माती पाहिली, आणि माझ्या कानाशी वाकली.

"आला होता?"

मी मान हलवली.

आजूबाजूला कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिने तिच्या भाषेत विचारले: "किती?"

हे मी दीड वर्षानंतर लिहिते आहे, त्याच विद्यापीठातून. शिफारस मिळाली आणि संशोधनासाठी मी परत आले. गावात राहिलेल्यांना वाटते की आमची, गेलेल्यांची, भीती विमानतळावर उतरवून घेतली जाते. तसे होत नाही. मी अजून कमानीखाली लगबगीने चालते, अजून पलंगाशेजारी ताट मांडते. जुलियाना तिच्या सदनिकेतून कधीकधी फोन करते. तिने एक तांबे-पितळेचे भांडे बाजारातून आणले आहे, पण त्याचा तोल म्हणे नीट लागत नाही. आई पत्र्याखाली, जुलियाना समुद्राकाठी, मी चौथ्या मजल्यावर. घर कुठले, असे कुणी विचारले तर मी अजून आमच्या गावाचेच नाव सांगते. पण मनातून मला वाटते, धक्क्यानंतर जिथून आधी तो प्रश्न येतो आणि जिथे उत्तराची वाट पाहत कुणी थांबलेले असते, ते घर.

त्या दिवशी चर्चच्या पायरीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी आईला फोन लावला. भारतात संध्याकाळ होती. मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आई, इथं हादरा बसला. मी दगडाच्या खाली होते."

थापण्याचा आवाज थांबला. मला वाटले, आता रडेल, नाहीतर परत ये म्हणेल.

"तांब्या पडला का?"

"न्हाय पडला."

"किती?"

जुलियाना माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होती. मी गणित पुन्हा एकदा तपासले, नोंदीत आकडा लिहिला, आणि दोघींना, प्रत्येकीच्या भाषेत, वाचून दाखवला.

१.७